जिताड्याच्या पोटातली चावी

"मास्तर, कुलूप तर उघडंच आहे," यासीनभाई म्हणाले.

"हो. आता बंद करायचंय."

"मग दाबा ना. हे असं दाबलं की बंद."

"बंद केल्यावर उघडणार कशानं?"

यासीनभाईंनी कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं केलं, भोकात फुंकर मारली, एक सळई आत घालून कान लावला. जुनं पितळी कुलूप होतं, खाऱ्या वाऱ्यानं हिरवं पडलेलं. वसईच्या बाजारात, पिंपळाखाली त्यांचं खोकं होतं आणि कुलपांच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नसत.

"जुनी चावी कुठं गेली?"

"समुद्रात."

"मग नवं कुलूप घ्या की."

"नाही. हेच पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. कुलूप चोरीचं आहे असा संशय त्यांच्या नजरेत होता, आणि तो बरोबर होता. तासाभरापूर्वी मी ते कातरीन मावशीच्या दाराच्या कडीतून काढून रुमालात गुंडाळलं होतं. मावशी रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेला गेली होती. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, शाळेत मराठीचा शिक्षक, गावच्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, समितीचा सेक्रेटरी आणि बी. ए. होतो. या तीन गोष्टींमुळं मला चांगलंवाईट कळतं असा गावाचा समज होता. माझाही होता.

"दोन बनवतो," यासीनभाई कानस काढत म्हणाले.

"एकच पुरे."

"मेहनत तेवढीच. एक हरवली तर?"

मला हसू आलं होतं, हे आज लिहायला नको वाटतं.

आमच्या तिवरबंदराचा संत म्हणजे बेन्नो. हे गृहस्थ नऊशे वर्षांपूर्वी जर्मनीत माइसेन नावाच्या गावी बिशप होते. सम्राटाचं आणि पोपचं भांडण लागलं, पोपनं सम्राटाला वाळीत टाकलं, आणि तो आपल्या देवळात शिरू नये म्हणून बेन्नोंनी देवळाच्या चाव्या नदीत फेकायला लावल्या आणि स्वतः गाव सोडलं. पुढं भांडण निवलं, बिशप परत आले, आणि एका माशाच्या पोटातून चाव्या निघाल्या, अशी त्यांची कथा. तळ्यातले बेडूक प्रार्थनेत व्यत्यय आणतात म्हणून त्यांनी त्यांना गप्प बसवलं, मग वाईट वाटून पुन्हा ओरडायची परवानगी दिली, असंही सांगतात. मेल्यावर संतपद मिळायला त्यांना चारशे वर्षं थांबावं लागलं. तहसील कचेरीचा अनुभव असलेल्या आमच्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही.

फार पूर्वी एका जर्मन फादरनं या संताचा लाकडी पुतळा आमच्या कोळ्यांच्या गावात आणून बसवला. हातात पुस्तक, पुस्तकावर मासा, माशाच्या तोंडात दोन चाव्या. लोकांनी सम्राट, पोप, बहिष्कार सगळं सोडून दिलं आणि मासा नि चावी तेवढी ठेवली. त्यातून रीत पडली. ज्या घरचा माणूस समुद्रावरून आला नाही, त्या घरच्या बाईनं बेन्नोबाबाचं नाव घेऊन घराची चावी धक्क्यावरून पाण्यात टाकायची. त्या दिवसापासून त्या घराला कुलूप नाही. चावी माशातून परत आली की माणूस परत येणार. खरं तर गोष्टीत आधी बिशप परत येतात, मग चाव्या. आमच्या गावानं क्रम उलटा केला. पण माणसाची वाट बघणाऱ्याला क्रम शिकवायला कुणी गेलं नाही.

दरवर्षी सोळा जूनला बेन्नोबाबाचा सण. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरानं अशा दारी एक अख्खा मासा नेऊन द्यायचा. न कापलेला. त्याच्या पोटाला विळी लागायची ती त्या घरच्या बाईच्याच हातची. होड्या तोवर किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून मासे खाडीतले. बाई एकेक मासा फाडणार, आत बघणार, बाजूला ठेवणार. मग त्याचं कालवण होणार आणि सगळे जेवणार. एवढ्या वर्षांत एकाही माशातून एकही चावी निघाली नव्हती. बेडूकही आमच्याकडं गप्प बसले नव्हते, त्या दिवसांत तर मिस्सा ऐकू येत नाही. तरी रीत चालू होती.

कातरीन मावशीचा मुलगा जुजे त्याआधी चार वर्षं, नोव्हेंबरात गेला. होडीवर तिघं होते. दोघांची प्रेतं आठवड्यात किनाऱ्याला लागली, जुजेचं नाही. त्या दोघांच्या बायका रडून मोकळ्या झाल्या. मावशी रडली नाही. ती धक्क्यावर गेली, कमरेची चावी सोडली आणि पाण्यात टाकली. मी तिथं होतो. अख्खं गाव होतं. ऊन होतं, चावी चमकली, बुडाली. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट म्हणून मी ती कधी तपासली नाही.

नंतर समुद्र गावात शिरायला लागला. वाळूच्या आळीतली आठ घरं तीन पावसाळ्यांत गेली. सरकारनं रस्त्यापलीकडं खोल्या बांधून दिल्या, बाकीचे तिकडं गेले. मावशीचं घर आळीतलं शेवटचं, आता समुद्राच्या बाजूनं पहिलं. त्या वर्षी बावीस जूनला मोठं उधाण होतं. घर टिकणार नाही, असं तहसीलदारांनी लिहून दिलं होतं. पोलीस येऊन गेले, मावशीनं त्यांना चहा पाजला. तिची मुलगी लुर्दीन भुईगावाहून येऊन रडून गेली. शेवटी मला पाठवलं.

"मावशी, सामान मी उचलतो. तू फक्त चल."

"दार उघडं टाकून?"

"कुलूप लावू ना."

"नि चावी?"

"नवं कुलूप आणतो मी."

ती माझ्याकडं बघून हसली. लहान असताना मी तिच्याकडं सुकट पळवायला जायचो, तेव्हा हसायची तशी. "दुमिंग, तू शिकलास, पण तुजं डोकं काय वाढलं नाय. नव्या कुलपाशी जुजेचा काय संबंध? तो हे ओळखतो. हे दार ओळखतो. नि दारात मी पायजे."

"आणि उधाण आलं तर?"

"तर मी दारात हायच."

तिला ओढून नेता आलं असतं. पण मग ती दुसऱ्या दिवशी परत आली असती, हे लुर्दीनला ठाऊक होतं, पोलिसांना ठाऊक होतं. चावी परत आली तरच ती कुलूप लावणार. म्हणून चावी परत आली पाहिजे, असं मी ठरवलं. मला तो तर्क बिनतोड वाटला. चावी मिळाली की ती खूश होईल, कुलूप लावील, नव्या खोलीत बसून जुजेची वाट बघील. वाट बघायला काय, सिमेंटच्या खोलीतूनही बघता येते.

कुलूप मिस्सा संपायच्या आत परत कडीत अडकवलं. दोनपैकी एक चावी शाळेच्या प्रयोगशाळेतलं थोडं ॲसिड आणि मूठभर मीठ घालून लोणच्याच्या बरणीत ठेवली. आठव्या दिवशी ती चार वर्षं समुद्रात राहिल्यासारखी दिसायला लागली. दुसरी तशीच कपाटात राहिली. सोळा तारखेला पहाटे खाडीत जाळं लावणाऱ्या फ्रांसूकडून मी हातभर लांबीचा जिताडा घेतला. जिताड्याचं तोंड मोठं असतं. चावी आत ठेवून पळीच्या दांड्यानं पोटापर्यंत ढकलली. बी. ए.ला हे नव्हतं.

मावशीच्या अंगणात चाळीसेक माणसं होती. फादर हिलारी मिस्सा संपवून आले होते, झगा चिखलात जाऊ नये म्हणून हातात धरून. मावशी पाटावर विळी घेऊन बसली. पहिली बोयटं, मग काळुंद्र, मग एक शिंगाळा. प्रत्येक पोट फाडून ती दोन बोटं आत घालायची, चाचपायची, मान हलवायची. बायका म्हणायच्या, "असू दे गं मावशी, अजून हायत." दरवर्षी म्हणायच्या.

माझा जिताडा सातवा.

विळी पोटात गेली आणि खर्र असा आवाज झाला. मावशीचा हात थांबला. तिनं बोटं घातली आणि रक्तानं, घाणीनं माखलेली चावी बाहेर काढली.

क्षणभर फक्त बेडूक ओरडत होते. मग एकदम गलका झाला. कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी कपेलाकडं घंटा वाजवायला पळालं, फ्रांसू "माझा जिताडा! माझ्या जाळ्यातला!" असं ओरडत सगळ्यांच्या गळ्यात पडत होता. फादर हिलारींनी झगा सोडून दिला, तो चिखलात लोळला. लुर्दीन आईच्या गळ्यात पडली. "आय, येतो गं तो. येतो."

मावशी उठली. चावी पदराला पुसली, दाराशी गेली, कुलूप कडीतून काढलं, खटकन दाबून बंद केलं आणि चावी घातली. ॲसिडनं दात खाल्ले असतील तर?

चावी फिरली. कुलूप उघडलं.

लोकांनी आरोळी ठोकली. मावशीनं पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदाही. मग तिनं वळून विचारलं, "हा जिताडा कुणी आणला?"

"मी, मावशी."

"कुठं गावला?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. "खाडीच्या तोंडाशी," मी म्हणालो.

"खाडीच्या तोंडाशी," ती म्हणाली. "बरं."

त्या दिवशी तिनं कालवण केलं नाही. बायकांनी केलं. सगळे जेवले, ती जेवली नाही. आनंदानं भूक मेली असेल, असं सगळे म्हणाले, मी सगळ्यांत आधी. संध्याकाळी तिनं लुर्दीनला सांगितलं, "उद्या सामान ने." ते ऐकल्यावर मी घरी जाऊन आठवड्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. एक जीव वाचवला होता, आणि तोही कुणाला न दुखवता.

दुसऱ्या दिवशी टेंपो भरला. मावशीनं दाराला कुलूप लावलं. मग मला म्हणाली, "दुमिंग, जरा थांब. तुज्याशी बोलायचं हाय. बाकीच्यांना पुढं जाऊ दे."

आम्ही पायरीवर बसलो. समुद्र तेव्हा लांब ओहोटीला होता, निरुपद्रवी, ओल्या फडक्यासारखा.

"फादरला सांग, मना मेल्या माणसाची मिस्सा पायजे. जुजेच्या नावानं. नि कबर."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मावशी, चावी परत आली ना! जुजे येणार आता."

"आला ना," ती म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडून चावी तळहातावर ठेवली. "या कुलपाची चावी एकच. ती जुजेकडं असायची. मी बाजारात असायची, तो कवापण यायचा, कुलूप बघून पायरीवर बसायचा. म्हणून म्हटलं, तूच ठेव. करगोट्याला बांधायचा. त्या दिवशीपण कमरेला होती, मीच गाठ घट्ट केली."

"पण तू तर टाकलीस. मी पाहिली."

"ती पेटीची. घरची नव्हतीच माज्याकडं, टाकणार काय? नि गाव बघत होता. म्हटलं, बेन्नोबाबाला काय कळतंय, चावी ती चावी." ती जरा हसली. "चार वर्षं मी माशात पेटीची चावी शोधत होती. पेटीची गावली असती तर म्हटलं असतं, येतो माझा पोरगा. ही गावली. ही त्याच्या अंगावर होती, दुमिंग. मासा तिथं गेल्याबिगर ही त्याच्या पोटात कशी जाईल?"

मी पायरीवरची वाळू हातानं झाडली.

"खाडीच्या तोंडाशी म्हणालास ना?" ती म्हणाली. "म्हणजे लांब नव्हता. इथंच होता. नि मी चार वर्षं त्या खाडीचे मासे खाल्ले."

बोलायची वेळ तीच होती. वाक्य तयार होतं: मावशी, ही चावी मी यासीनभाईकडून करून घेतली. सातच शब्द होते. ते बोललो असतो तर जुजे पुन्हा हरवलेला झाला असता, मेलेला नव्हे. ती उठली असती, कुलूप उघडलं असतं आणि दारात बसली असती. उधाणाला पाच दिवस होते. मी एकदा समुद्राकडं पाहिलं, एकदा तिच्या तळहाताकडं, आणि ज्या माणसाला चांगलंवाईट कळतं त्यानं जे करायचं तेच केलं. गप्प बसलो.

"तू भला पोरगा हायस," ती म्हणाली. "तू नसता आणलास मासा, तर मी बसलीच असती."

फादर हिलारींशी मात्र भांडण झालं. चावी काचेच्या पेटीत घालून पुतळ्याच्या पायाशी ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. बिशप हाऊसला पत्र गेलं होतं, मीच मसुदा केला होता. मावशी म्हणाली, चावी जुजेच्या कबरीत जाणार, त्याच्या अंगावरचं तेवढंच परत आलंय.

"बाई, हा चमत्कार आहे," फादर म्हणाले. "सगळ्या गावाचा."

"फादर, माझा पोरगा गावाचा नाय."

दोघं माझ्याकडं बघायला लागले, कारण सेक्रेटरी मी होतो. मग मी माझ्या आयुष्यातला सगळ्यांत कार्यक्षम निर्णय घेतला. घरी जाऊन दुसरी चावी लोणच्याच्या बरणीत टाकली. या वेळी ॲसिड जास्त घातलं, दोन दिवसांत काम झालं. फादरना म्हटलं, मावशीला समजावलंय, कबरीत दुसरी कुठली तरी ठेवू. मावशीला म्हटलं, फादरना दुसरी कुठली तरी देतो. एक काचेत गेली, एक छोट्या लाकडी पेटीतून कबरीत. देताना घाईत कुठली कुठं गेली, हे मला आजही सांगता येणार नाही. खरेपणात दोन्ही सारख्याच होत्या.

कबरीवर मावशीनं मूठभर माती टाकली आणि पहिल्यांदा रडली. बायका म्हणाल्या, बरं झालं, मोकळी झाली.

त्या शनिवारी मी कुमसाराला, पापाची कबुली द्यायला, गेलो. जाळीपलीकडं फादर हिलारी होते. सगळं सांगितलं, यासीनभाईपासून. मला वाटलं त्यांचा डोळा लागला.

"आणखी कुणाला सांगितलंयस?"

"तुम्हालाच, फादर."

"तिला सांगावंसं वाटतं?"

"वाटतं. पण उधाण बावीसला आहे."

"आणि तेविसाला?"

मी जाळीची भोकं मोजायला लागलो. त्यांनी नि:श्वास टाकला. "तीन 'नमो मरिया' म्हण," ते म्हणाले. लहान असताना मी चिंचा पळवल्या होत्या, तेव्हा पाच मिळाल्या होत्या.

बावीसला उधाण आलं. आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहून बघत होतो, मावशीही. लाटा वाळूच्या आळीतल्या मोडक्या भिंतींवरून आल्या, अंगणातला पाट गेला, पायरीला लागल्या. आणि तिथंच थांबल्या. दुपारी पाणी उतरलं. घर उभं होतं. कुलूपसुद्धा कोरडं होतं.

कुणीतरी म्हणालं, "बेन्नोबाबाची कृपा." मावशी खोलीकडं चालायला लागली.

तेविसाला मी तिच्याकडं गेलो. सांगायला. ती नव्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, दार आतून लावलेलं. उघडल्यावर म्हणाली, "आता बरं वाटतं. दार लावून झोप येते. चार वर्षं झोपली नव्हती." मी चहा पिऊन आलो. त्यानंतर बरेचदा गेलो आणि दर वेळी चहा पिऊन आलो. तिनं मासा सोडला होता. आमच्याकडं मासा सोडला की खायला फारसं काही उरत नाही. ती वाळत गेली आणि फेब्रुवारीत वारली. डॉक्टरनं हृदय लिहिलं. तिला जुजेच्या कबरीत पुरलं, चावीच्या पेटीशेजारी.

या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. घर अजून उभं आहे. समुद्र दरवर्षी पायरीपर्यंत येतो आणि जातो. दाराला तेच कुलूप आहे, ते उघडायला एक तर काच फोडावी लागेल नाही तर कबर. समितीचा सेक्रेटरी मीच आहे. सोळा जूनला आता लांबलांबून लोक येतात, बसगाड्या लागतात. धक्क्यावरून चाव्या टाकतात. घरांच्या, स्कूटरींच्या, कुणी तिजोरीच्या. गेल्या वर्षी आम्ही तिथं फलक लावला आहे: एका माणसानं एकच चावी टाकावी.

यंदा गर्दी ओसरल्यावर एक बाई काचेच्या पेटीपुढं उभी होती. पस्तिशीची असेल. नवरा बोटीवर कामाला होता, आखातात कुठंतरी. दीड वर्ष झालं, कंपनी फोन उचलत नाही. तिला कुणीतरी सांगितलं होतं की ते सगळं पाहिलेला माणूस अजून आहे.

"सर, तुम्ही तिथं होतात ना?"

"होतो."

"मी आत्ताच टाकली." तिनं रिकामा हात दाखवला, ओला होता. "खरं सांगा. परत येते?"

बाहेर बेडूक ओरडत होते. संत बेन्नो पुस्तकावरचा मासा सांभाळत माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होते. तिच्या घरी कोण आहे, असं मी विचारलं.

"कोणी नाही. दार उघडं ठेवून आलेय."

"येते," मी म्हणालो.